अडत्या, तूच बरा होतास

२०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. संत सावता माळ्यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारही निघाले आणि 'मधला दलाल हटवा' हा मंत्र गावोगाव पोचला. सोयाबीनच्या भावाला विटलेल्या मलाही तो पटला. विहिरीलगतच्या तुकड्यात मेथी, सांभार (म्हणजे कोथिंबीर), वांगी, भेंडी लावली आणि बुलडाण्याच्या आठवडी बाजारात गोणपाट अंथरून स्वतःच बसलो. दलाल हटला. त्याचं काम मात्र हटलं नाही, ते माझ्या गळ्यात आलं.

अडत्याला आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या, पण त्याचा एक गुण कुणी पाहिला नाही. त्याला वांग्याबद्दल काहीही वाटत नसे. हर्राशीत कुणी नाक मुरडलं की तो सुपारी चघळत पुढचं कॅरेट ओढायचा. मला वाटतं ना! ज्या वांग्याला रात्रपाळीच्या लाईटीत, रोह्यांना हाकलत पाणी दिलं, त्याला एखादी ताई अंगठ्याचं नख रुतवते, देठ पिरगाळते, खाली ठेवते आणि दुसरं उचलते. दुपारपर्यंत ढिगातलं प्रत्येक वांगं देवीचे व्रण आल्यासारखं दिसायला लागतं.

"फवारलं का हे?"

"नाही मावशी. बिनफवाऱ्याचं आहे."

"मंग कीड असन!"

"शेजारी फवारलेलं आहे."

"ते कोन खाईन बाप्पा!"

यावर अडत्या काय बोलला असता, याचा मी अजून विचार करतोय.

मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येते. मुळासकट उपटायची, माती झटकायची, जुडी बांधायची आणि वर पाणी शिंपडत बसायचं. "मेथी कशी देली?" असं विचारणारा माणूस आकडा ऐकण्याआधीच "लय होते" म्हणतो. घेतो मात्र. मग हात पुढे करून उभा राहतो, कारण सांभार त्याला वरून हवा असतो. धने रगडून पेरले, उन्हात निम्मे उगवलेच नाहीत, उरलेल्याला महिनाभर जपलं, हे सांगून उपयोग नसतो. सांभाराचा वाफा मी आता धर्मादाय खाती टाकला आहे.

पैसे फोनवर येतात, तेही चोरून नाही. पैसे आल्याचं सांगणारा बोलका डबा भर बाजारात 'पाच रुपये प्राप्त' अशी आरोळी ठोकतो आणि पलीकडचा भेंडीवाला माझ्याकडे सहानुभूतीनं बघतो.

यापेक्षा देऊळगावराजाकडचे लोक हुशार. तिथं शेडनेटात बायका चिमट्यानं टोमॅटोच्या फुलातले पुंकेसर काढतात, हातानं परागीकरण करतात, आणि फळ पिकलं की बी काढून कंपनीला देतात. गर फेकून देतात! मी जे विकायला बसतो तो त्यांच्या लेखी कचरा.

आणि भविष्य विचारावं तर कुणाला? आपल्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापासून राजापर्यंत सगळं भाकीत सांगतात. मेथीचं काय होणार, ते तिथंही सांगत नाहीत.

उन्हं कलली की येणारं गिऱ्हाईक वेगळंच. ते सकाळपासून बाजाराच्या कडेला चहा पीत तुमचा माल सुकायची वाट बघत असतं.

परवा अशाच वेळी आमचा जुना अडत्या पिशवी घेऊन आला. बसला. बोलता बोलता त्यानं टोचलेली वांगी खाली सारली, गुळगुळीत वर मांडली, मेथीवर हातानं पाणी मारलं. समोर एक ताई घुटमळत होती.

"मले काय विचारता ताई? हे माझं नाई, गरिबाचं हाय. घ्यायचं तर दोन किलो घ्या, नाईतर पुढं व्हा, लोक थांबलेत."

मागं कुणीही थांबलेलं नव्हतं. ताईनं दोन किलो वांगी घेतली, मी सांगितलेल्या भावानं, नख न लावता. मग तिच्यामागे खरंच लोक थांबले आणि चहा संपायच्या आत ढीग उठला.

निघताना त्यानं सांभाराच्या उरलेल्या दोन्ही जुड्या पिशवीत टाकल्या. मी दोन्हींचे पैसे मागितले.

"अडत," तो म्हणाला.