मामांचा आराम

‘आराम करायला आलोय ना? मग उठा!’

महाबळेश्वरात, डिसेंबरच्या पहाटे पाच वाजता असं ओरडणारा एक माणूस प्रत्येक घराच्या नशिबी असतो. आमच्याकडे ते मामा. वर्षभर ‘यंदा नुसतं लोळायचं’ म्हणतात आणि पसरणी घाट चढून होईपर्यंत वहीत सगळं लिहून मोकळे होतात. पहिल्या दिवशी विल्सन पॉइंटचा सूर्योदय, मग क्षेत्र महाबळेश्वर, तिथून आर्थर सीट, संध्याकाळी बॉम्बे पॉइंटचा सूर्यास्त. वहीच्या तळाला ‘आराम’, तोही ‘वेळ उरल्यास’.

माकडटोपी, तिच्यावर मफलर आणि खिशात थर्मामीटर. पारा बघितल्याशिवाय मामांना थंडी वाजत नाही. बाजारात अकरा अंश दिसले की ते खट्टू होतात. ‘खरी थंडी वेण्णा तलावावर! गार हवा जड असते, ती खोलगटात साचते.’ हे मात्र अगदी खरं आहे. कडाक्याच्या दिवसांत तिथे पहाटे दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. एकदा मामांनी उभ्या मोटारीच्या टपावरचा तो पांढरा थर एटीएम कार्डाने खरवडून थर्मासमध्ये भरला. मोटार कुणाची होती, देव जाणे. मामी खोलीवर दुलईत होत्या, त्यांना ‘काश्मीर’ दाखवायचं होतं. झाकण उघडलं तर आत दोन घोट पाणी. मामी म्हणाल्या, ‘अहो, तेवढ्यात चहाचं आधण ठेवा.’

आर्थर सीटला दरीतून वारा असा वर उसळतो की फेकलेली हलकी वस्तू परत येते. मामा दरवर्षी आम्हाला रांगेत उभं करून वाळकं पान सोडतात. यंदा ते परत येऊन त्यांच्याच मफलरीत अडकलं. ‘बघितलंत? विज्ञान!’

स्ट्रॉबेरी घेताना विज्ञान संपतं आणि संशय सुरू होतो. ‘मावशी, वरचा थर सगळेच सजवतात, खालचा दाखवा.’ मावशी निमूटपणे खोका पालथा करतात, कारण त्यांच्याकडे असे मामा रोज येतात. घासाघीस करून वीस रुपये वाचवायचे आणि लगेच शेजारी स्ट्रॉबेरी क्रीमवर त्याच्या दसपट उडवायचे. स्वतःसाठी मागवायचं नाही, ‘मला थंड बाधतं’. मग प्रत्येकाच्या ग्लासातला एकेक चमचा. हिशेब केला तर सगळ्यांत जास्त क्रीम मामांच्याच पोटात जातं.

परतताना भिलार. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जावं, फुकट बसून वाचावं. मामांच्या वहीत त्याला पंचवीस मिनिटं. एका घराच्या ओसरीवर त्यांनी किल्ल्यांवरचं जाडजूड पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि उन्हात मान टाकली. दीड तास घोरत होते. पाचगणीचं टेबललँड बुडालं. आम्ही कुणीही उठवलं नाही. मामींनी तर पोरांना चपला काढून चालायला लावलं.

जाग आल्यावर घड्याळ बघून मामा भडकले, ‘अरे, सगळा दिवस झोपेत घालवलात!’

पुढच्या डिसेंबरच्या तीन खोल्यांचं बुकिंग त्यांनी घाट उतरता उतरताच केलं. तेव्हा तुम्हाला वेण्णाकाठी मोटार उभी करायची असेल, तर टपाकडे लक्ष ठेवा.