बेकरच्या उंच थर्मामीटरास अनावृत पत्र

चि. थर्मामीटर यास,
मुक्काम बेकर, मोहावी वाळवंट, कॅलिफोर्निया

अनेक उत्तम आशीर्वाद. अरे-तुरे करते म्हणून रागावू नकोस. तू १९९१ सालचा, आमचा धाकटाही त्याच सालचा. त्याला जे ऐकवायचं होतं ते गाडीत सुनेसमोर ऐकवता आलं नाही, म्हणून तुला ऐकवते. शिवाय तुला हेडफोन लावून बसता येत नाही.

धाकटा अर्व्हाइनला असतो. आई-बाबांना खरी अमेरिका दाखवायची, असं त्याच्या मनानं घेतलं आणि ऐन जुलैत त्यानं आरव्ही भाड्यानं आणली. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, सगळं चाकांवर. बेत डेथ व्हॅलीचा होता. नावातच मृत्यू असलेल्या ठिकाणी सासू-सासऱ्यांना नेण्याची कल्पना सुनेची नव्हती, हे तिच्या बाजूनं नोंदवून ठेवते. पण करारनाम्याच्या बारीक अक्षरांत अट निघाली: जुलै-ऑगस्टमध्ये ही गाडी डेथ व्हॅलीत न्यायची नाही. भाड्याच्या आरव्हींना अशी अट इकडे नवी नाही म्हणे. मुलगा हिरमुसला. मग ठरलं की लास वेगासला जाऊ, आणि जिथून डेथ व्हॅलीचा फाटा फुटतो त्या बेकरला थांबून निदान तुझ्यासोबत फोटो काढू. गडावर जायला बंदी, तर पायथ्याच्या पादुकांना तरी हात जोडू, असा तो प्रकार.

आता तुझ्याविषयी. तुझी उंची १३४ फूट. का, तर १० जुलै १९१३ला डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस, तापमान नोंदलं गेलं होतं. दर अंशाला एक फूट. वाडवडिलांच्या पराक्रमावर आपली उंची मोजणारे आमच्याकडेही पुष्कळ आहेत, पण इतक्या काटेकोरपणे कुणी मोजत नाही. त्यात तुझा जन्म झाला तेव्हा जागतिक विक्रम तुमच्या घराण्याकडे नव्हताच. तो होता लिबियातल्या अल अझिझियाकडे, १९२२ सालचा, ५८ सेल्सिअस. जागतिक हवामान संघटनेनं २०१२ साली ती नोंद चुकीची ठरवून रद्द केली, तेव्हा कुठे तुमचा नंबर पहिला लागला. त्या सुमारास तू स्वतः विजेच्या बिलापायी अंधारात होतास, २०१४ साली पुन्हा पेटलास. आणि आता काही हवामानतज्ज्ञ १९१३च्या आकड्यावरही शंका घेतात. उद्या तोही रद्द झाला, तर उरतील २०२० आणि २०२१चे १३० अंश. चार फूट कापून घ्यायची तयारी ठेव.

आम्ही आलो त्या दुपारी तुझ्यावर ११३ झळकत होते. नातू टाळ्या पिटू लागला. माणसं गाड्यांतून उतरत होती, तुझ्याकडे पाठ करून हसत होती, चटके बसले की परत एसीत पळत होती. पुढे डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला तुझा एक बुटका भाऊबंद आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या केंद्राबाहेरची आकड्यांची पाटी. तिथेही फोटोसाठी अशीच झुंबड उडते, असं मुलगा हळहळत सांगत होता. बाबा रे, ११३ म्हणजे आमचे ४५. आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४५ला कुणी मान वर करून पाहत नाही. पाहिलंच तर, "आज जरा बरं आहे," म्हणतात.

राहिलं ते चाकांवरचं घर. त्याच्या भिंती हाताच्या पंजाएवढ्याही जाड नाहीत. छतावरचा एसी जीव तोडून बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश खाली आणतो, म्हणजे बाहेर ११३ असताना आत ९३. त्यासाठी जनरेटर लावावा लागतो, आणि तो लावला की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. फ्रीज उन्हात कुरकुरतो, म्हणून त्याचं दार उघडायचं नाही. मग दही आत आहे या समाधानावर जेवायचं. थंडच्या नळाला पाणी येतं ते अंघोळीचं. शेगडी पेटवायची सोय नाही, कारण घर तापतं. सांडपाण्याच्या टाकीबद्दल मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना उन्हात ती आपली आपण कळते. चढण आली की पाटी दिसते: इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. घर सोबत असल्याचं सुख असं की घरातली सगळी कामं सोबत येतात आणि सावली तेवढी घरी राहते.

आणि हे सगळं कशासाठी, तर जिथून जाणती माणसं उन्हाळ्यात बाहेर पडतात तिथे आत शिरण्यासाठी! डेथ व्हॅलीचे मूळ रहिवासी टिंबिशा शोशोनी. हिवाळ्यात ते खोऱ्यात राहत आणि उन्हाळ्यात पॅनामिंट डोंगरावर चढून जात. नंतर तिथे सवागीचा, म्हणजे बोरॅक्सचा, धंदा आला. वीस खेचरांच्या गाड्यांतून माल १६५ मैलांवरच्या रेल्वेपर्यंत नेणारी, पैशासाठी काहीही सोसणारी ती मंडळी. पण उन्हाळ्यात तिथलं पाणी इतकं तापून राही की सवागीचे खडेच धरत नसत, तेव्हा त्यांनीसुद्धा कामगार उचलून अमार्गोसाला हलवले. गाडी भाड्यानं देणाऱ्यांना उन्हाळा कळतो. उद्यानवाल्यांनाही कळतो, ते सांगतात की सखल भागात सकाळी दहानंतर पायी फिरू नका. कळत नाही तो फक्त ज्याला आकडा हवा असतो त्याला.

हे मी उगाच त्रागा म्हणून लिहीत नाही. २०२४च्या जुलैत सहा मोटारसायकलस्वार डेथ व्हॅलीत गेले, पारा १२८वर होता, त्यांतला एक तिथेच गेला. हेलिकॉप्टर बोलावूनही उपयोग नव्हता, कारण १२०च्या पुढे हवा इतकी विरळ होते की रुग्णांना नेणारी हेलिकॉप्टरं सहसा सुरक्षित उडू शकत नाहीत. म्हणजे ज्या आकड्यासाठी जायचं, तोच आकडा मदतीची वाट अडवून बसतो.

आमच्याकडे उन्हाशी वागायची रीत आहे. दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या, पन्हं घ्यायचं, बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्यानं काय होतं ते मला ठाऊक नाही, पण तो घेऊन निघालेला माणूस निदान घाबरलेला असतो, आणि उन्हात घाबरलेला माणूस लवकर घरी येतो. अकोल्यात आम्ही ४५चा पुतळा उभारला नाही. उभारला असता तर दुपारी त्याच्यापाशी उभं कोण राहणार?

तेव्हा तुझ्याकडे एकच मागणी. १०५ अंशांपर्यंत खुशाल आकडा दाखव. त्यापुढे गेलास की दिवे मालव आणि संध्याकाळी सहापर्यंत पडून राहा. आकडा नाही म्हणजे फोटो नाही, फोटो नाही म्हणजे गर्दी नाही. तुझं विजेचं बिलही वाचेल, त्याचा अनुभव तुला आहेच. आणि कुणी विचारलं की नेमकं किती आहे, तर गप्प राहा. ज्याला गाडीतून उतरल्यावर कळलं नाही, त्याला आकड्यानंही कळणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
अकोल्याची एक आई

ता. क. : शाळेला सुट्टी लागली की जूनच्या पहिल्या आठवड्यात नातवाला घेऊन या, असं मी परतीच्या वाटेवर सुचवलं. मुलगा म्हणाला, "आई, अकोल्याला नको. तिकडे फार ऊन असतं."