भोकरचे डागवैद्य

डागवैद्य म्हणजे दुसऱ्याच्या कपड्यावर पडलेला डाग स्वतःचा मानणारा गृहस्थ. परीट, इस्त्रीवाला किंवा नांदेडचा ड्रायक्लीनर यांच्याशी त्याची गल्लत करू नये. ती त्याला फार लागते. तो पैसे घेत नाही आणि सल्ला विचारला जाण्याची वाटही पाहत नाही. भोकरसारख्या तालुक्याच्या गावी तो बहुधा निवृत्त शिक्षक असतो, त्यातही विज्ञान शिकवलेला. क्वचित तहसीलमधला निवृत्त अव्वल कारकून असतो, आणि मग त्याचा हातखंडा शाईच्या डागांवर असतो. हे सगळे ज्ञान बायकांकडे त्याच्याहून जास्त असते. पण त्या ते घरकामात जमा धरतात आणि त्यावर व्याख्यान देत नाहीत, म्हणून त्यांना कुणी डागवैद्य म्हणत नाही.

त्याला ओळखायचे ते नजरेवरून. समोरचा माणूस बोलत असताना तो डोळ्यांकडे न पाहता खिशाच्या जरा खाली पाहतो. ‘चहाचा नाही हा, काढ्याचा आहे,’ हे निदान नमस्काराच्या आधी होते. लग्नाच्या मांडवात त्याला नवरानवरीपेक्षा वाढप्यांत रस असतो. भोकर हे राजकारणाची आवड असलेले गाव. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे तिथे ऐन सुगीतही हिंडताना दिसतात, आणि असल्या गावात डागवैद्य रिकामा बसत नाही.

त्याचे साहित्य एका जुन्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मावते. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, मीठ, तुरटी, बेसन, टाल्कम पावडर, वापरून झालेला दातांचा ब्रश, 2020 साली घेतलेले आणि अजून न संपलेले सॅनिटायझर. तळाशी एका बाटलीत ऑक्झॅलिक आम्ल असते. तिच्यावर सुवाच्य अक्षरात ‘विष’ असे लिहिलेले असते आणि त्याखाली दोन रेघा ओढलेल्या असतात. लिंबू मात्र तो रुग्णाच्या घरचेच वापरतो.

डाग पडल्याबरोबर माणूस तीन गोष्टी करतो: ओरडतो, गरम पाणी मागतो आणि घासायला लागतो. यांतली पहिली निरुपद्रवी आहे. घासल्याने डाग धाग्यांच्या आत शिरतो आणि आजूबाजूला पसरतो. रक्त, दूध, अंडे यांच्यातली प्रथिने गरम पाण्याने गोठतात आणि कापडाला कायमची धरून बसतात. तिथे आधी थंड पाणीच लागते. डागवैद्याचे शास्त्र या पहिल्या दहा मिनिटांत संपते, आणि ते मुख्यतः मनाईचे शास्त्र आहे. ‘थांबा वहिनी, घासू नगा!’ एवढे एक वाक्य वेळेवर म्हणता आले की निम्मे डाग बरे होतात. अडचण अशी की काही न करण्याचा सल्ला कुणी मनावर घेत नाही. म्हणून त्याला त्याभोवती विधी रचावा लागतो. वाट पाहायला लावायची असेल तर तो बेसन पेरतो, आणि बेसन पेरलेल्या जागेला हात लावायचे धाडस कुणाचे होत नाही.

त्याचा खरा हंगाम श्रावणाच्या शेवटी सुरू होतो. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवताना निम्मा रंग धोतरावर, पायजम्यावर आणि हौशी पुतण्यांच्या नव्या शर्टावर जातो. ऑइलपेंट ओला असेपर्यंत टर्पेंटाइनला किंवा रॉकेलला दाद देतो, वाळल्यावर कुणालाच देत नाही. रॉकेल मिळेनासे झाल्यापासून डागवैद्य हळहळतो. त्याच्या मते सरकारला या बाजूने विचार करणे सुचलेच नाही.

पोळ्यापाठोपाठ येतो 17 सप्टेंबर. 1948 साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. म्हणून मराठवाड्यात त्या दिवशी शाळाशाळांतून झेंडावंदन होते. परिणामी उरलेल्या महाराष्ट्रातल्या लेकरांपेक्षा इथल्या लेकरांना कॅनव्हासचे पांढरे बूट वर्षातून एकदा जास्त पांढरे करावे लागतात, आणि तेही ऐन पावसाळ्यात, काळ्या मातीत. या एका तारखेवर डागवैद्याची अर्धी कीर्ती उभी आहे.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण अतिसूक्ष्म असतात आणि पाणी पिऊन फुगतात. ओली असताना ती विणीत शिरते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पाय अडकेल एवढ्या भेगा पाडणारा हाच गुण बुटाच्या कामी येतो: चिखल पूर्ण वाळू दिला तर तो आपण होऊन सुटू लागतो. मग बूट एकमेकांवर आपटायचे, कोरड्या ब्रशने झाडायचे, आणि त्यानंतरच पाण्याला बोलवायचे. घरोघरी होते ते नेमके उलटे. सोळा तारखेच्या रात्री चिखलाचे बूट बादलीत बुडतात, काळे पाणी कॅनव्हासच्या पोटात जाते, सकाळी बूट ओलेच असतात, आणि लेकरू शाळेतून आणलेला खडू त्यावर फासून संचलनाला जाते. पाऊस येतो. खडू आणि माती यांच्या मिश्रणातून जो राखाडी रंग तयार होतो, तो बाजारात विकत मिळत नाही.

यावर डागवैद्याची पद्धत दोन दिवस आधी सुरू होते. नाडी काढून वेगळी भिजवायची. वाळलेली माती झाडायची. साबण थोडाच घ्यायचा, कारण घासण्यापेक्षा खळखळून धुणे महत्त्वाचे असते. साबण-सोड्याचा क्षार कापडात राहिला तर वाळताना बूट पिवळा पडतो, त्यावर कडेला तपकिरी रेघ उमटते, आणि घरातले सगळे म्हणतात, साबण कमी पडला. म्हणून शेवटच्या पाण्यात लिंबू पिळायचे किंवा चमचाभर व्हिनेगर घालायचे. मग बूट पांढऱ्या कागदात गुंडाळून सावलीत ठेवायचे. उरलासुरला पिवळेपणा पाण्याबरोबर बाहेर येऊन कागदावर बसतो. कागद कोराच हवा. वर्तमानपत्र वापरलेल्या एखाद्या घरी बुटावर निधनवार्ता उमटलेली असते, आणि डागवैद्य ती मोठ्याने वाचून दाखवतो. रबरी तळव्याची कड दातांच्या पेस्टने उजळते, कारण पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. ही युक्ती मात्र लेकरांनीच त्याला शिकवलेली असते. तो ते सांगत नाही.

चामड्याच्या चपलेत त्याला फारसा रस नाही. तिथे माती वाळवून झाडणे, घामाच्या मिठाचे पांढरे कडे उठले तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसणे, सावलीत वाळवणे आणि तेलाचा हात फिरवणे एवढेच असते. शिवाय दुसऱ्याची चप्पल हातात घेऊन व्याख्यान देता येत नाही.

लग्नसराईत त्याची गाठ वरणाशी पडते. पंगतीत बादली घेऊन धावणारा वाढपी आणि पांढरा शर्ट घालून वाकून बसलेला व्याही यांच्यात जे घडायचे ते घडतेच. वरणाच्या डागात तेल असते, डाळ असते, पण मुख्य आरोपी हळद. तिच्यातले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि साबण लागताच लालभडक होते, कारण साबण क्षारधर्मी असतो. हा लाल रंग पाहून घाबरलेली माणसे आणखी साबण लावतात. वास्तविक स्वच्छ पाण्याने धुतल्यावर तो पुन्हा पिवळा होतो, आणि पिवळ्याला इलाज आहे: ऊन. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. तेल साबणाने काढायचे, शर्ट ओला असतानाच उन्हात टाकायचा, वाळला की पुन्हा भिजवून टाकायचा. नांदेड जिल्ह्याच्या उन्हाला एरवी कुणी चांगले म्हणत नाही, डागवैद्य म्हणतो.

पण नुसते ‘उन्हात टाका’ म्हटले तर लोक मान डोलावून घरी जातात आणि ब्लीच आणतात. म्हणून डागवैद्य सांगतो, ‘सकाळी नऊ ते अकराचंच ऊन. डाग पूर्वेला पाहिजे. मधी कुणी हलवायचा नाही.’ यातल्या पूर्वेला रसायनशास्त्रात आधार नाही. मात्र तिच्यामुळे घरातले कुणी तरी दोन तास शर्टाची राखण करते आणि ब्लीचची बाटली बंद राहते. त्याच्या अशा अटींना जे हसतात, त्यांचे शर्ट बहुधा डागाळलेले असतात.

तेलाच्या डागाबाबत तो घाई करतो, आणि तिथे त्याची घाई बरोबर आहे. करडईचे तेल हवेतल्या प्राणवायूने सावकाश घट्ट होते. ताज्या डागावर बेसन किंवा पावडर टाकली की ती तेल शोषून घेते, मग भांड्याचा साबण पुरतो. महिनाभर कपाटात मुरलेला करडईचा पिवळा डाग म्हणजे जवळजवळ वार्निश. चहाचा डाग त्यामानाने साधा. दूध घातलेला असेल तर आधी थंड पाणी, मग सुती कापड ताणून धरून वरून उकळत्या पाण्याची धार. ही धार जितकी उंचावरून पडते तितकी ती बघायला गर्दी होते, आणि डागवैद्य स्टुलावर चढतो. तारेवर वाळत घातलेल्या शर्टाला गंजाची रेघ उठली, तर लिंबू-मीठ लावून ऊन दाखवतात. तेवढ्याने भागले नाही तर दोन रेघांची बाटली निघते. ऑक्झॅलिक आम्ल लोहाला विद्राव्य रूपात धरून बाहेर काढते, पण बाटली उघडण्यापूर्वी डागवैद्य घरातल्या मुलांना अंगणात पाठवतो आणि हात धुण्याची तालीम घेतो. बॉलपेनला सॅनिटायझर चालते, त्यातल्या अल्कोहोलमुळे. खाली फडके घ्यायचे आणि टिपत राहायचे.

एसटीच्या खिडकीतून येणारा डाग हा स्वतंत्र विषय आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. डागवैद्याकडे येणाऱ्या शर्टांना हे कळवलेले दिसत नाही. पुढच्या खिडकीतून निघालेली पिचकारी वाऱ्याने मागच्या खिडकीतल्या प्रवाशाच्या बाहीवर येते. कात आणि चुना यांच्या संयोगाने झालेला हा लाल-तपकिरी रंग पक्का असतो. इलाज सांगण्यापूर्वी डागवैद्य गाडी कुठली होती, हे विचारतो. परराज्यातली, आदिलाबादच्या बाजूची असली तर त्याला कमी राग येतो.

ब्लीचशी त्याचे हाडवैर आहे. हायपोक्लोराइट डागाचा रंग मारते, तसेच कापडाचाही. रेशीम आणि लोकर तर खाऊनच टाकते. डाग जाऊन तिथे पांढरी खिडकी पडलेले निळे शर्ट तो पाहायला मागतो आणि जपून ठेवायला सांगतो. याहून वाईट म्हणजे ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल ओतणे. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि माणूस डागासकट दवाखान्यात जातो. हे सांगताना तो विधी-बिधी रचत नाही, पूर्व दिशाही काढत नाही.

साबणाच्या कंपन्यांबद्दल त्याचे मत ठाम आहे. सर्फ 1959 साली भारतात आली आणि निर्मा 1969 साली अहमदाबादेत सुरू झाली. त्याच्या मते तेव्हापासून लोकांनी डागाकडे पाहणे सोडून पुड्याकडे पाहणे सुरू केले. टिनोपालने तर कहर केला. ते मळ काढत नाही. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत फेकते, त्यामुळे मळका शर्टही पांढरा वाटतो. ‘डाग तिथंच हाय, फक्त तुमाला दिसंना,’ असे तो म्हणतो, आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता साका कसा बसतो यावर वळतो. इथून पुढे ऐकणारे उठू लागतात. पैठणीचा विषय निघाला तर तोही उठतो: पैठणी ड्रायक्लीनरकडेच न्यायची.

काही डागांपुढे तो हात टेकतो. अर्धापूर-मुदखेडकडच्या केळीच्या बागांतून येणारा चिकाचा डाग त्यातला एक. चीक अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, हवेने तपकिरी होतो, पुढे काळा. ताजा असताना लिंबू चोळले तर थोडीफार आशा असते. बागेतले मजूर लिंबू शोधत बसत नाहीत; केळी काढायला ते सरळ जुने कपडे घालतात, आणि हा उपाय डागवैद्याच्या डब्यातल्या कुठल्याही उपायापेक्षा सरस आहे. मतदानाच्या शाईचेही तसेच. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेल्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. ती बोटावरून जाऊ नये म्हणूनच बनवलेली आहे. ती बाहीला लागली तर डागवैद्य बाही दुमडायला सांगतो.

शेवटचा बिब्बा. त्याच्या टरफलातला रस चुन्याबरोबर कापडावर असा काळा बसतो की गिऱ्हाइकांचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून परीट पूर्वी त्याच रसाने खुणा करत. भट्टीत उकळून, दगडावर आपटूनही खूण राहायची. शिवाय रस अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून असा कपडा डागवैद्य हातात घेत नाही, काठीने उलटवून पाहतो. त्याचा सल्ला ठरलेला: कपडा काळा रंगवून घ्यावा, नाहीतर वाकळीला द्यावा. वाकळ शिवणारी बाई तो तुकडा आतल्या थरात घालते. डाग वर येऊ देऊ नये, हे सांगायला डागवैद्य तिच्या ओसरीवर जातो. ती हूं म्हणते आणि सुईत दोरा ओवते.