आरपीएम आप्पा

आप्पांना 'कसं काय, आप्पा?' असं विचारू नये. 'एकाहत्तर' असं उत्तर येतं. नवख्या माणसाला वाटतं, वय सांगितलं. ते वय नसतं. आप्पांच्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरचं ते त्या घटकेचं तापमान असतं, सेल्सिअसमध्ये. पाठोपाठ 'आणि पंखा बत्तीसशेवर' हेही येतं. समोरचा तोवर सटकला नसेल, तर मग आप्पा बसून घेतात.

देवळालीत त्यांना आरपीएम आप्पा म्हणतात. देवळाली म्हणजे देवळाली प्रवरा, राहुरी तालुक्यातली, नाशिकची नव्हे. हे आप्पांनाही नीट ठाऊक आहे, कारण त्यांनी मागवलेली थर्मल पेस्टची ट्यूब एकदा नाशिकच्या देवळालीत जाऊन आली होती. ती घरी पोचली तेव्हा आप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो कुरियरच्या पोराला: 'गाडीत उन्हात किती वेळ होती?'

आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले बॉयलर अटेंडंट. प्रमाणपत्र फर्स्ट क्लासचं. ते फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावलंय, आणि काकूंच्या मते देवांपेक्षा जास्त पुसलं जातं. सारी नोकरी बगॅसच्या भट्टीसमोर गेली. स्टीमचं प्रेशर किती, फीड वॉटर किती, गेज ग्लासमध्ये पाणी कुठवर, धूर ओढणारा आयडी फॅन आणि हवा ढकलणारा एफडी फॅन कसे चालतायत, हे सगळं दर तासाला लॉगशीटवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास अग्निप्रदीपन झालं की हंगाम संपेस्तोवर तीन पाळ्या. निवृत्तीनंतर असा माणूस काय करणार? वर्षभर ते घरातल्या गिझरकडे संशयानं बघत राहिले.

मग पुण्याच्या पुतण्यानं एक जुना थिंकपॅड आणून दिला. टी-४३०, म्हणजे २०१२चं मॉडेल, एका कंपनीतून भंगारच्या भावात निघालेलं. 'आप्पा, व्हिडिओ कॉल करा, यूट्यूबवर कीर्तनं ऐका,' असं तो म्हणाला. आप्पांनी डाव्या बाजूच्या जाळीसमोर तळहात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, 'आयडी फॅन घरघरतोय.'

कीर्तन राहिलं ते राहिलंच.

पुढच्या काही महिन्यांत आप्पांनी जे शिकून घेतलं, ते तालुक्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटर क्लासात शिकवत नाहीत. लॅपटॉपचा पंखा मुख्य प्रोसेसर चालवत नाही. त्यासाठी एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक वेगळी चिप असते. कीबोर्ड, बॅटरी, पंखा ही खाती तिच्याकडे. विंडोज बंद पडलं तरी ती जागी असते. पंख्याचं सॉफ्टवेअर म्हणजे त्या चिपच्या कप्प्यांमध्ये आकडे वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्रॅम. थिंकपॅडसाठी टीपी फॅन कंट्रोल आहे. त्याच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये किती अंशाला कुठली पायरी ते लिहून ठेवायचं: शून्य म्हणजे पंखा बंद, सात म्हणजे जोरात, आणि ६४ लिहिलं तर कंट्रोलरचा लगाम सुटून पंखा जिवाच्या आकांतानं पळतो. इतर लॅपटॉपसाठी स्टेफान हिर्शमान या गृहस्थाचं नोटबुक फॅन कंट्रोल. त्यात जगभरच्या लोकांनी आपापल्या मॉडेलची पत्रिका मांडून ठेवलेली असते. डेस्कटॉपवाल्यांमध्ये इटलीच्या अल्फ्रेडो मिलानी कोंपारेत्ती यांचं स्पीडफॅन वर्षानुवर्षं गाजलं. हे नाव आप्पा न अडखळता घेतात. शेजारच्या गल्लीतल्या नव्या नगरसेवकाचं नाव मात्र त्यांना आठवत नाही.

आणि मग वही आली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी, आडवी-उभी आखलेली: वेळ, तापमान, आरपीएम, शेरा. दर तासाला नोंद.

पहिल्या तीन रकान्यांत काही गंमत नाही. गंमत शेऱ्यात. 'सकाळी ९, ५२, २८००, ठीक.' 'दुपारी २, ७८, ३९००, नातवाने कार्टून लावले. समज दिली.' 'दुपारी ४, वीज नाही. बॅटरीवर संथ.' 'सायंकाळी ६, ८१, ४०००, पाहुणे आले. तापण्याचे कारण कळले नाही.' काकूंशी भांडण झालं त्या दिवशी शेऱ्यात नुसतं 'बाह्य तापमान जास्त' एवढंच सापडतं.

राहुरी फॅक्टरीवर भाचीचं लग्न होतं, मुहूर्त बाराचा. लग्न लागलं एकच्या सुमाराला, कारण नवरदेवाची वरात नगर-मनमाड रोडवर शिर्डीच्या गाड्यांमध्ये अडकली होती. आप्पांची बाराची नोंद मात्र बाराला झाली. त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला, आकडा वाचला, वहीत लिहिला. पावणेएकला अंतरपाट धरला, मंगलाष्टकं रेंगाळली, गुरुजींना सूर सापडला. शेवटची 'सावधान' झाली तेव्हा एकला दोन मिनिटं कमी होती. आप्पांनी डाव्या हातानं अक्षता टाकल्या. उजव्या हातात पेन तयार होतं.

दशक्रियेलाही तेच. नदीकाठी सगळे कावळ्याची वाट बघत बसलेले, आणि आप्पा हळूच म्हणाले, 'त्रेसष्ट.' शेजारच्यानं दचकून विचारलं, 'गेलेले तर ऐंशीचे होते ना?'

या लॅपटॉपवर आप्पा काम काय करतात, हा प्रश्न गावाला पडायला बराच वेळ लागला. उत्तर असं की, लॅपटॉप किती तापला ते बघतात. दुसरं काहीही नाही. तापमान दाखवायला एक प्रोग्रॅम, त्याची खातरजमा करायला दुसरा, दोघांत फरक पडला तर तिसरा, आणि पंख्याचा चौथा. काकूंनी एकदा विचारलं, 'अहो, त्या मेल्याला कामालाच लावलं नाही, तर तो तापेल कशाला?' राहुरीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकणाऱ्या शेजारच्या मुलीनं पुढचं सांगितलं: सेन्सर सतत वाचत राहणं हेही प्रोसेसरला कामच असतं. आप्पांनी तीन प्रोग्रॅम बंद केले. आकडा खाली उतरला. शेरा: 'पहारेकरी कमी केले.' आठवड्याभरात ते तिन्ही पुन्हा चालू होते. एकट्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा बॉयलरवरचा नियम.

उन्हाळ्यात आप्पांना विशेष उधाण येतं. या थिंकपॅडच्या पुस्तिकेत तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं छापलेलं आहे. म्हणजे कंपनीचं ऐकायचं, तर एप्रिल-मेमध्ये राहुरी तालुक्यात दुपारी लॅपटॉप उघडताच येत नाही. एका भाच्यानं सुचवलं, खाली बर्फाची पिशवी ठेवा. आप्पांनी त्याला ओट्यावरच्या माठाजवळ नेलं. माठातलं पाणी बाष्प होऊन उडतं म्हणून ते हवेपेक्षा गार होतं. पंखा हवेपेक्षा गार काही करू शकत नाही, बाहेर ४१ असतील तर आत ४१च्या वरच. आणि बर्फ ठेवला तर दव धरेल, ते मदरबोर्डवर गेलं की संपलं. मग पंख्याचं गणित. फेरे दुप्पट केले की हवा दुप्पट, पण वीज आठपट, आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलनं चढा. 'आयडी फॅनला जो नियम, तोच या चिमुकल्याला,' असं म्हणताना आप्पांचा चेहरा असा होतो की, भाचा निमूट बर्फ फ्रीजमध्ये ठेवून येतो. प्रोसेसरची सगळी उष्णता मिळून ३५ वॉट. त्यासाठी हे सगळं.

मार्च २०२५मध्ये आप्पांवर बालंट आलं. गावातल्या पोरांच्या गेमिंग लॅपटॉपवर त्यांनी हौसेनं पंख्याची सॉफ्टवेअर बसवून दिली होती. एके दिवशी विंडोजच्या डिफेंडरनं त्यांतल्या बऱ्याच प्रोग्रॅमखालचा विनरिंग-झीरो नावाचा ड्रायव्हर धोकादायक म्हणून पकडला. पोरं दारात: 'आप्पा, तुमच्या पंख्यात व्हायरस निघाला!' दुसरा कुणी असता तर मायक्रोसॉफ्टला शिव्या घालून मोकळा झाला असता. आप्पांनी दोन दिवस वाचलं आणि तिसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं की, डिफेंडरचं बरोबर आहे. तो व्हायरस नाही, पण त्यातली उणीव २०२०पासून नोंदलेली आहे. पंखा फिरवायला यंत्राच्या पार आतपर्यंत हात घालावा लागतो, आणि तो ड्रायव्हर हे दार कुठल्याही प्रोग्रॅमला उघडून देतो. 'सेफ्टी व्हॉल्व्हची किल्ली चहाच्या टपरीवर टांगून ठेवल्यासारखं आहे,' ते म्हणाले, आणि आपल्या हातानं बसवलेलं घरोघर जाऊन काढून आले. पोरं आजही कुरकुरतात.

तालुक्यात बाकी कशावर कुणाचा काटा चालतो? कालव्याचं आवर्तन कधी सुटणार ते वरून ठरतं. शेतीची वीज रात्री की दिवसा, ते फीडरचं वेळापत्रक सांगतं. उसाच्या दराचं ऐकायला मिळतं, कांद्याच्या दराचं भोगायला. आप्पांनी मात्र फाइलमध्ये 'पासष्टला पायरी तीन' असं लिहिलं की, पासष्टला पंखा खरंच तिसऱ्या पायरीवर जातो. अर्ज नाही, हेलपाटा नाही, उद्या या नाही. त्यांच्या वेडाला हसणाऱ्यांनी असा एक तरी अधिकारी दाखवावा.

तरीही गाव त्यांना हसतच राहिलं असतं. पण २०२३च्या जुलैत एक भानगड झाली होती, ती ज्यांनी पाहिली ते जरा जपून हसतात.

त्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता, आणि अर्जाची मुदत ३१ जुलै. सेवा केंद्रासमोर सातबारा, पासबुक, आधार आणि पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र घेऊन ही रांग. केंद्रातला लॅपटॉप अर्ध्या तासात तापून आपोआप बंद पडायचा. मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो, तरी भागलं नाही तर मशीनच मिटतं. ऑपरेटर टेबलफॅन लावून रडकुंडीला आलेला. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, आरपीएम आप्पांना बोलवा. आप्पा आले ते स्क्रू ड्रायव्हर, दात घासायचा जुना ब्रश आणि नाशिकला जाऊन आलेली ती ट्यूब घेऊन.

पंख्याच्या सॉफ्टवेअरला त्यांनी हातही लावला नाही. लॅपटॉप उलटा केला, बॅटरी सोडवली, मागचं झाकण काढलं, पंखा उचलला. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या मधल्या फटीत एक करडी पट्टी होती. ती आप्पांनी चिमट्यानं अख्खी बाहेर काढून कागदावर ठेवली. सतरंजीचे धागे, केस, धूळ, आणि पेटवलेल्या पाचटाची काळी काजळी, सगळं दाबून एकजीव झालेलं. उचलली तरी तुटत नव्हती. पंखा वर्षभर या भिंतीवर हवा आपटत होता. मग त्यांनी प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली जुनी पेस्ट पुसली, नवी तुरीच्या दाण्याएवढी लावली, स्क्रू ज्या क्रमानं काढले त्याच्या उलट क्रमानं बसवले. शेवटी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभराची नव्व्याण्णव केली. त्या एका टक्क्यानं टर्बो बंद होतो. अर्ज भरायला टर्बो लागत नाही. 'सॉफ्टवेअर पंखा पळवतं,' रांगेकडे पाठ करूनच ते पुटपुटले, 'धूळ नाही पळवत.'

रांग रात्री उशिरापर्यंत चालली, लॅपटॉप एकदाही मिटला नाही. आप्पांनी पैसे घेतले नाहीत. उलट एक कोरी लाल वही ऑपरेटरच्या हातात ठेवली. दर तासाला नोंद.

आठ दिवसांनी आप्पा तपासायला गेले. वही भरलेली होती. ६८, ६८, ६९, ६८. शेरा 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. एकच शाई, एकच तिरपं अक्षर. रात्री दोनचीही नोंद होती. केंद्र आठला बंद होतं.

आप्पांना चिडलेलं गावानं तेव्हाच पाहिलं. फार पूर्वी एका रात्रपाळीत कुणीतरी पहाटेपर्यंतचे आकडे आधीच भरून ताणून दिली होती. आप्पा पाळीवर आले तेव्हा लॉगशीट झकास होतं आणि गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नव्हतं. भट्टी वेळेत मारली म्हणून निभावलं. 'झोपलेल्या माणसाचे आकडे फार सरळ असतात,' ते म्हणाले. 'वर-खाली होत नाहीत.'

ऑपरेटर ओशाळला, पण तरुण होता. 'आप्पा, हा लॅपटॉप आहे. बॉयलर थोडाच आहे?'

'बॉयलर आता कुठं रोज पेटतो?' आप्पा म्हणाले. मधल्या काळात कारखान्याचं धुराडं काही हंगाम पेटलं होतं, काही हंगाम गारच राहिलं होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही. आप्पांनी त्या सगळ्या पानांवर तिरकी रेघ ओढली, खाली तारीख टाकून सही केली, नवं पान आखलं आणि पेन ऑपरेटरच्या हातात दिलं. उताऱ्यासाठी ताटकळलेला एक म्हातारा शेतकरी पुढे सरकला, तेव्हा आप्पांनी त्याला हातानं थांबवलं.

'दोन मिनिटं दम धरा पाव्हणं. अकरा वाजतायत.'