एकादशी नि दुप्पट खाशी

काय दिवस आले पाहा! अमेरिकेत आता फोन न वापरायचेही पैसे पडतात. न्यू जर्सीतल्या एडिसनला किराण्याच्या रांगेत दुसरा विषय नाही. म्हणे 'डिजिटल डिटॉक्स'! आपल्या आजीच्या भाषेत, अबोला. तोही फुकटात.

२०१५ साली दोघा पठ्ठ्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन क्रेडिट कार्डाएवढा 'लाइट फोन' काढला. किंमत तेव्हा १०० डॉलर. काय करायचा? फोन लावायचा. बस्स! शिवाय स्मार्टफोन सोडायचा नाहीच, कारण त्यावरचेच कॉल या चिटुकल्याकडे वळवायचे. म्हणजे सवत आणली, तीही पहिलीच्या जिवावर.

विनोदवीर डेव्ह शपेलच्या कार्यक्रमाला जा. दारातच फोन 'योंडर'च्या पिशवीत, पिशवीला चुंबकाचं कुलूप, आणि ती ठेवायची कुठे? आपल्याच मांडीवर! तिकीट काढून आलेली माणसं विनोदाला हसतायत आणि बोटं पिशवीवरून फिरतायत. आत काही थरथरलं का?

पण सगळ्यांवर कडी केली जॅक डॉर्सीने. ट्विटरचा तेव्हाचा मुख्य, अख्ख्या जगाला चिवचिवायला लावणारा गडी, २०१८ मध्ये दहा दिवसांच्या मौनाला म्यानमारला गेला. विपश्यना! आणि मौन सुटल्यावर बोलला कुठे? ट्विटरवरच! गुहेत दहा मिनिटांत ११७ डास चावले म्हणे. ११७! अहो, ध्यान करत होता की शिरगणती? हातात घड्याळ, बोटात अंगठी, दोन्ही 'एअरप्लेन मोड'वर, नाडी टिपत बसलेली. विरक्ती असावी तर अशी, आलेखासकट!

जुन्या अमेरिकन लेखक थोरोला तरी काय नावं ठेवायची? १८४५ मध्ये वॉल्डनच्या तळ्याकाठी एकांतात राहायला गेला, तर झोपडीत खुर्च्या तीन.

आणि आपली मंडळी मागे राहतील? मॅसॅच्युसेट्समध्ये शेलबर्नला १९८२पासून विपश्यना केंद्र आहे. तिथे निघालेले काका आधी चौदा ग्रुपांवर कळवतात, "दहा दिवस संपर्कात नाही, तातडीचं असेल तर हिला फोन करा." अकराव्या दिवशी गाडीत बसायच्या आधीच फोटो हजर. काकूंच्या मते खरं मौन त्या दहा दिवसांत घरी होतं.

हसू नका. रविवारी फोन बंद, हे तुम्हीही ठरवलंत ना? आम्हीही ठरवलं. मागच्या रविवारी फोन पोह्यांच्या डब्यात पुरला. दुपारपर्यंत घरात तीनदा पोहे झाले.