किल्लेवाले नाना

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की निमगाव केतकीचे आमचे नाना पानमळा गड्यावर सोपवतात आणि पडवीत गोणपाट अंथरतात. दिवाळीचा किल्ला पोरांनी करायचा, अशी जगाची रीत. नानांच्या घरात पोरं नुसती माती चाळतात. "माझा किल्ला कुठाय?" असं नातवानं विचारलं, तर म्हणाले, "ह्योच की तुझा. हात तेवढा लावू नगंस."

नाना नुसता किल्ला करत नाहीत, लढाई मांडतात. कधी कोंढाणा, कधी पावनखिंड. यंदा प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९. नुसती काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम, वर गेरूचा हात. जावळीचं रान पानमळ्यातल्या शेवरीच्या शेंड्यांचं. हळीव अशा बेतानं पेरायचे, की वसुबारसेला हिरवळ बोटभर व्हावी. एका साली कोंबडीनं रातोरात अख्खी माची वेचून खाल्ली. तिला नाना शेवटपर्यंत 'फितूर' म्हणत.

पण नानांचं खरं दुखणं मापाचं. मावळा तीन इंची धरला, तर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांवरचा प्रतापगड त्याच मापात दीडशे फुटांच्या वर जातो. पडवीचं आढं नऊ फुटांवर. "माप चुकलं की इतिहास चुकला," हे नानांचं ब्रीद. त्यावर तोड अशी काढली, की पुढं बाजारातले मावळे आणि मागं पार गावाजवळ खानाची छावणी काड्यापेटीतल्या काड्यांची. काडीचं गूल म्हणजे मुंडासं! दुसरी पंचाईत म्हणजे बाजारात मावळे, गवळणी, वाघ सगळे मिळतात. आदिलशाही शिपाई मात्र कुणी साच्यातून काढत नाही. नाना जास्तीचे मावळे आणतात, त्यांच्या पगड्या रंगवतात आणि दबक्या आवाजात समजूत काढतात, "आजचा दिस तिकडनं लढा, गड्यांनो."

नानींचं गाऱ्हाणं वेगळंच. "लाडू वळायला हाक मारली, तर म्हणतात खान अजून शामियान्यात पोचला न्हाय."

विल्यम सायबोर्न नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट मी नानांना सांगितली. वॉटर्लूच्या रणभूमीजवळ आठ महिने राहून त्यानं मोजमापं घेतली आणि १८३८ मध्ये त्या लढाईची प्रतिकृती लोकांपुढं मांडली. सत्तर हजारांवर धातूचे शिपाई! प्रशियन फौज नेमकी कुठं होती, यावरून खुद्द वेलिंग्टनशी त्याचं बिनसलं. नाना भारावून ऐकत होते. पण एक बाहुली म्हणजे दोन माणसं, असा त्याचा हिशेब होता म्हटल्यावर ताडकन म्हणाले, "म्हंजे निम्मं सैन्य चोरलंच की!" स्वतःच्या काड्या त्यांनी कधी मोजलेल्या नाहीत, हे मी बोललो नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात प्रतापगड आहे हे कळताच नानांनी आळीत पेढे वाटले. चेहऱ्यावर भाव असा, की पाहणी पडवीतच झाली होती.

दिवाळीत बारामती-इंदापूर रस्त्यानं जाणार असाल, तर नानांकडे जरूर थांबा. चहा मिळेल, चकली मिळेल. फक्त "हा उंट इथं का?" असं विचारू नका. आणि विचारलंतच, तर पुढं इंदापूरला वेळेवर पोचायची आशा सोडा.