अजून चांगला चालतो की!

मराठी मध्यमवर्गीय घरातला संगणक म्हातारा होत नाही. तो फक्त ‘जरा वेळ घेतो’. डोंबिवलीतल्या एका घरातला असाच एक संच. मुलगा 2013 मध्ये इंजिनिअरिंगला गेला तेव्हा घेतलेला: चौथ्या पिढीचा आय-5, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. मुलगा आता बंगळुरूला आणि संच बाबांच्या ताब्यात. ते सकाळी बटण दाबतात आणि पूजेला बसतात. अथर्वशीर्ष संपता संपता वॉलपेपर उमटतो. एक्सेल उघडायला मात्र आरतीच करावी लागते.

“अहो, नवीन घ्या आता.”

“का? काय झालंय त्याला? अजून चांगला चालतो की!”

बाबा अगदीच चुकत नाहीत. इतक्या वर्षांच्या संचात दमलेली असते ती बहुधा हार्ड डिस्क. तिची चकती मिनिटाला 7200 फेरे घेते आणि प्रत्येक फाइलसाठी वाचणारा दांडा इकडून तिकडे धावतो. तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत हलणारं काहीच नाही. जुनी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे जाते. विखुरलेल्या बारीकसारीक फायली शोधताना तर हे अंतर कित्येक पटींनी वाढतं. जुन्या संचावर पैसे घालायचेच असतील, तर पहिले इथेच घालावेत.

तेवढ्यासाठी बाबा लॅमिंग्टन रोडला गेले. दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून. एसएसडी पिशवीत पडली आणि बाबांना हुरूप आला: आलोच आहोत तर रॅम वाढवू, प्रोसेसरही बघू.

“काका, तुमची रॅम डीडीआर-थ्री. नव्या बोर्डात बसणारच नाही, खाचच वेगळी. आणि नवा प्रोसेसर तुमच्या बोर्डात बसत नाही.”

म्हणजे प्रोसेसरसाठी बोर्ड, बोर्डासाठी रॅम आणि कदाचित या सगळ्यांसाठी नवा पॉवर सप्लाय. फरशीचा एक तुकडा बदलायला घ्यावा आणि ओटाच फुटावा, तसं. जुन्यातलं उरणार काय, तर पत्र्याचा डबा आणि चालू करायचं बटण. त्यात 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवली आणि रॅमचे भाव भडकले. मुलगा एआयमध्येच नोकरीला असल्याने बाबांनी हा जाब त्यालाच विचारला.

बाबा जुन्या डीडीआर-थ्रीची एक सेकंडहँड पट्टी घेऊन परतले. एसएसडी बसली आणि संच असा पळू लागला, की पूजेची वेळ बदलावी लागली.

मग स्क्रीनवर सूचना आली. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. संच धावतोय, पण प्रवेशपरीक्षेला वयोमर्यादा आडवी आली!

मुलाने लिनक्स मिंट सुचवलं. ते फुकट आहे, जुन्या संचावर छान चालतं आणि आयकराचं पोर्टल काय, ब्राउझरमध्येच उघडतं. बाबा जवळजवळ तयार झाले होते. पण सोसायटीची दहा वर्षांची इतिवृत्तं श्रीलिपीत. तो फाँट नसेल तर ‘सभा तहकूब करण्यात आली’ याच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. सचिव म्हणून बाबांना हे परवडणारं नव्हतं.

अखेर बँकवाल्या बाबांना बँकेनेच वळवलं. सुरक्षेची दुरुस्ती न मिळणाऱ्या संचावर नेटबँकिंग करायचं का, असा प्रश्न मुलाने टाकला आणि निवृत्त शाखाधिकाऱ्याचा चेहरा गंभीर झाला. ठराव असा झाला: व्यवहारांसाठी नवा छोटा संच घ्यायचा, आणि जुना इंटरनेट काढून इतिवृत्तांपुरता ठेवायचा.

म्हणजे अपग्रेडही झालं, नवाही आला आणि टेबल तेवढं अपुरं पडलं. मॉनिटर एकच ठेवायचं ठरलं; पण त्याची वायर पंधरा पिनांची व्हीजीए आणि नव्या डब्याला भोक एचडीएमआयचं. मॉनिटर बदलण्याचा विषय आईने काढायच्या आत बाबा कन्व्हर्टर आणायला पुन्हा लॅमिंग्टन रोडला निघाले.